माने मॅडमचे तास

माने मॅडम वर्गात "बरोबर" हा शब्द वापरत नसत. मुलानं उत्तर दिलं की त्या फक्त म्हणत, "मग?" उत्तर चुकलेलं असलं तरी "मग?" आणि अचूक असलं तरी "मग?". नवीन मुलं यानं गोंधळून जात. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून दिलेलं उत्तर मागं घेत आणि दुसरंच काहीतरी सांगत. मॅडम त्यावरही "मग?" म्हणत आणि हातातला खडू मुठीत धरून उभ्या राहत. वर्गात शांतता पसरे. ती शांतता मोडायची घाई त्यांना कधीच नसे.

बारामतीच्या आमच्या कॉलेजात त्या ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस शिकवत, शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्टही बघत. मी संख्याशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, म्हणून त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक त्या टेबलावरून पाहिलेलं आहे. मैत्री होती असं म्हणता येईल, पण घरगुती गोष्टी आम्ही फारशा बोललो नाही. त्या भवानीनगरच्या. वडील साखर कारखान्यात फिटर होते, ते गेल्यावर त्या आणि त्यांची आई अशा दोघीच राहत. लग्न का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

नेमणूक तासिका तत्त्वावर होती. जेवढे तास शिकवायचे तेवढ्यांचं मानधन, उन्हाळ्यात काहीच नाही आणि जून उजाडला की पुन्हा नवी ऑर्डर. कायम व्हायला नेटची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. नेट त्यांनी दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मग आईचं आजारपण सुरू झालं आणि ते राहूनच गेलं. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं आणि हळूहळू आम्ही ते विसरूनही गेलो. इतकी वर्षं त्या तिथं होत्या की त्या कायम नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

साडीवर त्या खेळाचे बूट घालत. एसटीसाठी पळावं लागतं, हे त्यांचं कारण. प्रोजेक्टर कधी लावत नसत. विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा प्राचार्यांनी खास निरोप पाठवला, की आज तरी लावा. मॅडमनी तो लावला, त्याचा उजेड फळ्यावर पाडला आणि त्या उजेडात खडूनं लिहून शिकवलं. समितीतल्या एका बाईंनी बाहेर येऊन विचारलं की ही काही वेगळी पद्धत आहे का. प्राचार्य हो म्हणाले.

उसाच्या हंगामात त्यांना एकदा फार उशीर झाला. कालव्याच्या अरुंद पुलावर दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर समोरासमोर आले होते, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागं वाहनांची रांग. ट्रॅक्टर मागं घेता येईना, पुढं जाता येईना. एसटी त्याच रांगेत अडकली. मॅडम उरलेलं अंतर चालत आल्या, धुळीनं माखलेल्या, आणि सरळ वर्गात गेल्या. त्या दिवशी मुलांना डेडलॉक, म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांसाठी अडून बसतात ते, शिकवायचा होता. त्यांनी फळ्यावर पूल काढला, दोन ट्रॅक्टर काढले आणि विचारलं की आता काय करायचं. एकजण म्हणाला, कुणीतरी मागं घ्यावं. "मग?" कोण घेणार, यावर मुलं भांडली. ज्याचा ऊस कमी त्यानं. जो नंतर आला त्यानं. ज्याच्या मागची रांग लहान त्यानं. मॅडमनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहून घेतली आणि पुस्तकात हीच उत्तरं कुठल्या नावांनी येतात ते प्रत्येकाच्या पुढं लिहिलं. पुलावर शेवटी काय झालं, असं मी स्टाफरूममध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा तिथं चहावाला आला होता. म्हणजे वेळ लागणार."

प्रयोगशाळेत मात्र त्यांच्या पद्धतीमुळं एकदा भांडण झालं. प्रयोगशाळेचं काम बघणारे अंकुशराव जुन्या संगणकांना लेकरांसारखं जपत. एकदा मुलं व्यवहाराचा प्रयोग करत होती. एका खात्यातून नोंद काढायची आणि दुसऱ्यात टाकायची, दोन्ही झाल्या तरच काम पुरं. सगळी मुलं मधोमध असताना मॅडम उठल्या, दाराजवळ गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे पडदे काळे झाले. मुलं ओरडली. अंकुशराव धावत आले.

"मॅडम, हे काय केलं? सांगून तरी करायचं."

"लाइट सांगून जात नाही, अंकुशराव," मॅडम म्हणाल्या.

लाइट आल्यावर ज्यांनी ती अट प्रोग्रॅममध्ये घातली होती त्यांच्या नोंदी पहिल्यासारख्या जागेवर होत्या. बाकीच्यांची एका खात्यातली नोंद गेली होती आणि दुसऱ्यात आलीच नव्हती. मॅडमनी त्या मुलांना ती हरवलेली नोंद शोधायला लावली. ती कुठंच नव्हती. अंकुशरावांनी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली. मॅडमना स्विचला हात लावायची मनाई झाली, ती त्यांनी मानली, आणि पुढच्या वर्षीपासून नंबर लावून मुलांकडून स्विच ओढून घेतला. अंकुशराव आठवडाभर बोलले नाहीत. नंतर मात्र त्या प्रयोगाच्या दिवशी ते स्वतःच दारात उभे राहू लागले.

प्रोजेक्टच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. ज्यांच्यासाठी सिस्टीम करायची त्यांच्याकडं आधी जाऊन बसायचं. काही लिहायचं नाही, काही सुचवायचं नाही, नुसतं त्यांचं काम बघायचं. मुलांना हे कंटाळवाणं वाटे. त्यांना लगेच स्क्रीन बनवायचे असत, रंग निवडायचे असत. रेश्माचा गट त्यातलाच.

रेश्मा लोणी भापकरची. वडील तात्या, घरची बागायत, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी, आणि गोठ्यात गाई. तिच्या गटानं कळस गावच्या एका जनावरांच्या डॉक्टरांसाठी लसीकरणाची सिस्टीम करायला घेतली होती. पहिल्या आठवड्यात मुलांनी माहितीचं टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, आखून आणलं. गाईचा बिल्ला नंबर, जात, वय, मालकाचं नाव, मालकाचं गाव, मालकाचा फोन, लस. मॅडमनी ते बघितलं आणि रेश्माला विचारलं, "गाय विकली तर काय बदलतं?"

"मालक बदलतो."

"गाय?"

"गाय तीच राहती."

"मग मालकाचं गाव गाईला कशाला चिकटवलंय?"

रेश्मानं पुन्हा एकदा सगळे रकाने वाचले. मग कागद उलटा करून तिथंच तीन वेगळी टेबलं काढली. गाई वेगळ्या, माणसं वेगळी, आणि कुठली गाय कधीपासून कधीपर्यंत कुणाकडं होती ते वेगळं. मॅडमनी "मग?" म्हटलं नाही. मला वाटतं, "मग?" न विचारता सोडून देताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

दिवाळीनंतर रेश्मा यायची बंद झाली. मैत्रिणी म्हणाल्या की तिचं लग्न ठरतंय. आमच्याकडं हे नवीन नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या वर्गात मुलींची बाकं हिवाळ्यात मोकळी होऊ लागतात, आम्ही हजेरीत रेघ मारतो. मॅडम मला म्हणाल्या, "देवकर मॅडम, तुमची स्कूटर आहे. रविवारी लोणीला जाऊन येऊ." मी विचारलं, काय बोलणार आहात. त्या म्हणाल्या, बघू.

तात्यांनी बाज अंगणात टाकली, चहा झाला. रेश्मा चहा देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला वाटलं होतं मॅडम मुलींच्या शिक्षणावर बोलतील. त्यांनी विचारलं, टोमॅटो कुठल्या बाजाराला जातो. मग क्रेट कुणाचे, गाडी कधी भरता, माल परत आला तर काय करता. तात्या आधी आखडून बसले होते, पण हळूहळू बोलायला लागले. मग आम्हाला गोठ्यात घेऊन गेले, तिथं एक काळी-पांढरी गाय होती, कानात पिवळा बिल्ला. ती त्यांनी इंदापूरच्या बाजूनं आणलेली. आधीच्या मालकानं लस दिल्याचं सांगितलं, पण कागद दिला नाही. इथल्या डॉक्टरांनी खात्री नाही म्हणून पुन्हा टोचली. गाय आठवडाभर खाईना.

"बिल्ला हाय की कानात," तात्या म्हणाले. "त्या नंबरावर कुठंतरी कळायला पायजे का न्हाय? आमी काय गाईला इचारायचं?"

"तेच काम रेश्माकडं आहे," मॅडम म्हणाल्या.

तात्या थांबले. आपण कशावर बोलतोय हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी आलाय कशाला ते मला ठाव हाय. पोरीचं लगीन ठरतंय. चांगलं स्थळ हाय. जिरायती न्हाय, बागायती घर हाय."

"ठरू द्या. माझी काही हरकत नाही. परीक्षा एप्रिलात आहे. लग्न मेमध्ये धरा."

"पाव्हणं थांबत्यात व्हय?"

"तुम्ही विचारलं का त्यांना?"

तात्या गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मॅडम वाट बघत उभ्या राहिल्या. गाय शेपटीनं माश्या हाकत होती. माझी तर अशी अवस्था झाली की मीच काहीतरी बोलून टाकावं. शेवटी तात्या म्हणाले, "न्हाय. इचारलं न्हाय अजून."

"विचारून बघा," मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

तात्यांनी विचारलं. पाहुणे थांबले नाहीत. त्यांना घाई होती, त्यांनी दुसरी मुलगी बघितली. रेश्मा कॉलेजला परत आली आणि दोन दिवसांनी तिच्यामागून तात्या आले. स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सात जण होतो. तात्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. तुमच्या नादानं स्थळ गेलं, गावात लोक विचारतात पोरीत काय खोट आहे, आता मी काय सांगू. मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या.  तात्यांचं संपल्यावर त्यांनी खुर्ची पुढं केली, ती तात्यांनी घेतली नाही.

त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मला एवढंच म्हणाल्या, "विचारायला मी सांगितलं. पाहुणे नाही म्हणाले तर काय, ते मी धरलंच नव्हतं."

रेश्मानं प्रोजेक्ट पुरा केला. कळसच्या डॉक्टरांनी ती सिस्टीम पुढं वापरली. काही आठवड्यांनी गुरांमध्ये साथ आली तेव्हा कुठल्या गोठ्यात आधी जायचं हे त्यांना त्यावरून कळायचं, असं त्यांनीच फोन करून सांगितलं. मॅडमनी तो फोन रेश्माच्या हातात दिला. रेश्मा पुढं पुण्याला एम.एस्सी.ला गेली. स्थळ मोडल्यानंतर तात्यांनी तिला का जाऊ दिलं हे मला कळलं नाही. कदाचित गावातल्या प्रश्नांपासून लांब राहील म्हणून असेल. तिथं ती नेट पास झाली.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडं कायम जागेची जाहिरात निघाली. संगणकशास्त्र, एक जागा. माने मॅडम ज्या जागेवर तास घेत होत्या तीच ती जागा, हे विभागातल्या सगळ्यांना माहीत होतं. नेट नसल्यामुळं मॅडमना अर्ज करता येत नव्हता. बाहेरून पुष्कळ उमेदवार आले, मुलाखती झाल्या, आणि निवड रेश्माची झाली.

तात्या पेढे घेऊन आले. या वेळी धुवट टोपी, नवा सदरा. स्टाफरूमच्या दारातून सरळ मॅडमच्या टेबलाशी आले आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं धरला. "पहिला तुमाला. तुमच्यामुळं झालं समदं. मी त्या वक्ताला लय बोललो, ते मनात ठेवू नका." कुणाच्या जागेवर आपली मुलगी आली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी कुणाकडं बघत नव्हतं. रेश्मा दारातच थांबली होती. तिनं मान वर केली नाही.

मॅडमनी पेढा घेतला, तिथंच खाल्ला आणि विचारलं की कुठल्या दुकानातला. तात्यांनी सांगितलं. त्यांनी आणखी एक उचलला, आईसाठी म्हणून रुमालात गुंडाळला. मग खुर्ची पुढं केली आणि तात्या बसले.

तात्या प्राचार्यांना भेटायला गेले तेव्हा रेश्मा टेबलाशी आली. ती हळू बोलली, पण मी शेजारीच होते.

"मॅडम, मी रुजू होणार नाही."

"का?"

"ही तुमची जागा आहे."

"माझी जागा नव्हती," मॅडम म्हणाल्या. "माझे तास होते. तू नाही म्हणालीस तर यादीतला दुसरा येईल. मला परत देणार नाहीत." त्यांनी पेढ्याचा रुमाल पिशवीत ठेवला. "तो कसा शिकवतो मला माहीत नाही. तू कशी शिकतेस ते माहीत आहे."

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये रडू नकोस असं सांगितलं आणि अंकुशरावांना भेटून घे, कुठले संगणक चालतात, कुठले नाहीत, ते त्यांना विचार, म्हणाल्या. ती गेल्यावर त्यांनी तपासायच्या उत्तरपत्रिका पुढं ओढल्या. बराच वेळ त्यांनी एकही पान उलटलं नाही. मी चहा मागवला. तो त्यांनी गार होऊ दिला आणि त्या गारच प्यायल्या.

जूनमध्ये त्यांना ऑर्डर आली नाही. निरोपसमारंभ झाला नाही, कारण तासिकेवरच्या माणसाला निरोप द्यायची पद्धत नाही. रेश्मानं विभागात छोटासा कार्यक्रम करायचं म्हटलं होतं, पण मॅडमनी फोनवर नको म्हणून सांगितलं. त्यांचं टेबल रेश्माला मिळालं. रेश्मा चांगली शिकवते. मुलांना कळसला पाठवते, गोठ्यात पाठवते. ती मात्र "बरोबर" म्हणते, आणि मुलांना ते आवडतं.

गेल्या मार्चमध्ये मी परीक्षेच्या कामाला इंदापूरला गेले होते. परत येताना स्टँडवर माने मॅडम दिसल्या. तेच बूट, खांद्याला पिशवी. केस बरेच पांढरे झाले होते. आई गेल्याचं त्यांनी सांगितलं. आता त्या डाळिंब आणि पेरूच्या रोपवाटिकांना छोट्या छोट्या सिस्टीम करून देतात, कुठलं रोप कुठल्या मातृवृक्षाचं, कुणाला दिलं, जगलं का. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलायचं, संध्याकाळी घरी बसून करायचं. काम बरं चाललंय, म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना बारामतीत काम होतं, त्यामुळं आम्ही एकाच एसटीत चढलो. डावीकडची सीट मोकळी होती. मी तिकडं वळले तर त्या म्हणाल्या, "इकडं बसू."

उजवीकडं ऊन येत होतं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "बारामतीला जाताना मी उजवीकडंच बसते. कॉलेज डावीकडं येतं."

मग वाटेत आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो. भवानीनगर आलं आणि गेलं. कॉलेजच्या थांब्यावर गाडी थांबली आणि नेहमीसारखी मुलं आत घुसली. दोघं आमच्याजवळ दांड्याला धरून उभे राहिले. त्यांची दुसऱ्या दिवशी डेटाबेसची तोंडी परीक्षा होती. त्यातला एक ठासून सांगत होता की टेबलात पहिला जो रकाना तीच प्रायमरी की, प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण. दुसऱ्याला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं.

मॅडम खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. पोरांचं तेच तेच चाललं होतं. वाहक तिकिटं फाडत मागं गेला, गाडी अजून उभीच होती. मग त्या वळल्या.

"तुझं नाव काय?"

"सूरज," पहिला म्हणाला. बाई आपल्याशी का बोलतात हे त्याला कळलं नाही.

"वर्गात सूरज किती आहेत?"

"तिघं. त्यातलं दोन शिंदे. मी आन् एक अजून."

"मग मॅडम हजेरी कशी घेतात?"

"रोल नंबरनं," तो म्हणाला, आणि पुढं काहीतरी बोलणार होता तो थांबला. मित्राकडं बघितलं. "म्हंजी नाव पहिलं लिवलं तरी चालत न्हाय. दोघांचं सारखं येतंय."

मॅडम त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडं, उघड्या खिडकीतून, कॉलेजचं फाटक दिसत होतं. सुटलेल्या वर्गाची मुलं बाहेर येत होती. त्यांनी नजर वळवली नाही. घंटी वाजली, गाडी हलली, फाटक मागं गेलं, तरी त्या त्याच बाजूला बघत राहिल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

सूरजनं मान डोलावली आणि मित्राला पुढचा प्रश्न विचारला. त्या कोण हे त्यानं विचारलं नाही. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला, येते म्हणाल्या, आणि रिक्षांच्या गर्दीतून लगबगीनं पलीकडं गेल्या.